आकाशातील रविवार : अमेरिकेतील खाजगी वैमानिक आणि सहकुटुंब हवाई सहलींचा इतिहास

प्रस्तावना

विसाव्या शतकात मोटारीने कुटुंबाच्या सुटीच्या दिवसाचे स्वरूप पालटले. अमेरिकेत तर ‘रविवारची सहल’ आणि ‘घरची मोटार’ या दोन कल्पना एकमेकींपासून वेगळ्या करणेच कठीण झाले. याच काळात तेथे मोटारीच्या पुढचे एक स्वप्नही पाहिले गेले. शनिवारी सकाळी घरच्या मंडळींना स्वतःच्या छोट्या विमानात बसवावे, शंभर-दीडशे मैलांवरच्या एखाद्या बेटावर किंवा नातेवाइकांच्या गावी उतरावे, आणि रविवारी संध्याकाळी परत यावे, असे ते स्वप्न होते. ते केवळ हौशी लोकांचे नव्हते. शासनाचे अधिकारी, संशोधक अभियंते, कारखानदार आणि वृत्तपत्रे यांनी १९३० ते १९५० या काळात त्याचा गांभीर्याने पाठपुरावा केला.

हे स्वप्न अंशतः साकार झाले आणि बव्हंशी विरून गेले. ते का विरले, याचे नेहमीचे उत्तर ‘विमान महाग होते’ असे दिले जाते. हे उत्तर चुकीचे नाही. मात्र अपुरे आहे. प्रस्तुत लेखात सहकुटुंब हवाई सहलीच्या इतिहासाचा आढावा घेऊन असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे की, विमान मोटारीइतके सोपे करण्यात अभियंत्यांना बरेच यश आले, परंतु त्यामुळे आकाश रस्त्याइतके सोपे झाले नाही. या दोहोंतील अंतराची किंमत अनेकदा वैमानिकासोबत विश्वासाने बसलेल्या कुटुंबीयांना मोजावी लागली. म्हणून हा इतिहास यंत्राचा जितका आहे तितकाच तो कुटुंबातील जबाबदारीचाही आहे.

सातशे डॉलरचे विमान

१९३३ साली अमेरिकेच्या वाणिज्य खात्यातील हवाई विभागाची सूत्रे यूजीन व्हिडाल यांच्याकडे आली. महामंदीचा तो काळ होता. मोटारीच्या किमतीच्या जवळपास, म्हणजे सुमारे ७०० डॉलरला मिळेल असे छोटे विमान मोठ्या संख्येने बनविले, तर कारखाने चालतील, रोजगार वाढेल आणि सामान्य माणूस आकाशात जाईल, अशी त्यांची मांडणी होती. विमान उद्योगातील अनेकांना ही किंमत अशक्यप्राय वाटली आणि योजनेवर टीकाही झाली. तथापि या प्रयत्नातून सुरक्षित व चालविण्यास सोप्या विमानांच्या रचनेला सरकारी प्रोत्साहन मिळाले.

व्हिडाल यांनी या कल्पनेचा प्रचार ज्या पद्धतीने केला ती लक्षणीय आहे. १९३६ मध्ये त्यांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला हॅमंड कंपनीच्या छोट्या विमानाच्या नियंत्रणावर बसविले आणि वार्तापटाच्या कॅमेऱ्यासमोर त्याच्याकडून ते उडवून घेतले. हा मुलगा म्हणजे पुढे प्रसिद्धीस आलेले लेखक गोर व्हिडाल होत. पोराला जे जमते ते बापाला का जमू नये, असा या प्रात्यक्षिकाचा आशय होता. कुटुंब आणि विमान यांची सांगड सरकारी प्रचारात अशी आरंभापासूनच घातली गेली.

याच विचारधारेतून फ्रेड वाईक या अभियंत्याचे काम पुढे आले. हलकी विमाने कोसळण्याचे एक मोठे कारण असे की, वेग फार कमी झाला की पंखांची उचल नाहीशी होते आणि विमान गिरक्या घेत खाली जाते. नवख्या वैमानिकाला त्यातून सावरणे जमत नाही. वाईक यांनी १९३४ मध्ये एक प्रायोगिक विमान बांधले आणि पुढे त्याच तत्त्वांवर ‘एरकूप’ हे विमान सिद्ध केले. एरकूपला नाकाखाली चाक होते. त्याच्या मूळ रचनेत पायाने दाबायच्या पट्ट्या नव्हत्या. मोटारीसारखे एकच चक्र फिरविले की वळण्याची सर्व क्रिया होत असे. विमानाचे नाक एका मर्यादेपलीकडे वर नेताच येणार नाही अशी योजना असल्यामुळे ते गिरकीत जात नसे. १९४० मध्ये त्याला सरकारी प्रमाणपत्र मिळाले. दुसरीकडे पायपर कंपनीचे ‘कब’ हे अगदी साधे दोन आसनी विमान १९३८ ते १९४७ या काळात वीस हजारांच्या आसपास तयार झाले.

यंत्राइतकेच महत्त्व प्रशिक्षणाला होते. १९३८ च्या अखेरीस अध्यक्ष रूझवेल्ट यांनी नागरी वैमानिक प्रशिक्षण योजना जाहीर केली. महाविद्यालयांच्या सहकार्याने चालविलेल्या या योजनेतून १९४४ पर्यंत सुमारे ४ लाख ३५ हजार जणांनी प्रशिक्षण घेतले. आरंभीच्या काळात दहा विद्यार्थ्यांमागे एका स्त्रीला प्रवेश मिळे. १९४१ मध्ये तोही बंद झाला. टस्कीगी येथील कृष्णवर्णीयांची संस्था आणि शिकागोत विला ब्राउन यांच्या सहभागाने चाललेली कॉफी विमानविद्या शाळा यांचा योजनेत समावेश झाल्यामुळे कृष्णवर्णीय तरुणांना हवाई क्षेत्राचे दार काही प्रमाणात उघडले. तरीही ‘सर्वांसाठी आकाश’ या घोषणेतील ‘सर्व’ कोण, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. जाहिरातींतील कुटुंब गौरवर्णीय, मध्यमवर्गीय आणि उपनगरात राहणारे असे, हे विसरता येत नाही.

१९४६ : तेजी आणि घसरण

दुसरे महायुद्ध संपताच दबून राहिलेली अपेक्षा उफाळून आली. युद्धात हजारो तरुण विमान चालविण्यास शिकले होते. युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी केलेल्या १९४४ च्या कायद्यान्वये उड्डाणशिक्षणाचे शुल्क शासन भरत होते. १९४६ च्या विमानतळ कायद्याने गावोगावी धावपट्ट्या बांधण्यासाठी सात वर्षांत ५० कोटी डॉलरच्या अनुदानाची तरतूद केली. एरकूप हे विमान तर मेसीज या सुप्रसिद्ध दुकानात कपाटे व कपड्यांच्या शेजारी विक्रीस ठेवण्यात आले होते. १९४६ या एका वर्षात अमेरिकेत सुमारे ३५,००० नागरी विमाने तयार झाली.

पुढच्याच वर्षी हा आकडा निम्म्याखाली आला आणि १९५१ मध्ये तो अडीच हजारांच्याही खाली घसरला. रिपब्लिक कंपनीने पाणी व जमीन दोन्हींवर उतरणारे ‘सीबी’ हे विमान मोठ्या अपेक्षेने बाजारात आणले होते. सुमारे हजारभर विमानांनंतर १९४७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. या घसरणीची कारणे तपासता असे दिसते की, १९४६ ची मागणी मुख्यत्वे उड्डाणशाळा आणि विक्रेते यांची होती. सरकारी खर्चाने शिकणारे विद्यार्थी होते, तोवर शाळांना विमाने हवी होती. शिकून बाहेर पडलेला तरुण मात्र विमान विकत घेण्याऐवजी घर, मोटार आणि संसार यांच्या मागे लागला.

येथे आसनांचा प्रश्न लक्षात घेणे आवश्यक आहे. स्वस्त म्हणून गाजलेली कब आणि एरकूप ही दोन्ही विमाने दोन आसनी होती. पती, पत्नी आणि दोन मुले यांना त्यांत जागाच नव्हती. संपूर्ण कुटुंब सामावून घेणारे १९४७ चे बीचक्राफ्ट बोनान्झा सुमारे ८,००० डॉलरचे होते. त्या वर्षी अमेरिकी कुटुंबाचे मध्यक वार्षिक उत्पन्न ३,००० डॉलरच्या आसपास होते. म्हणजे जे विमान परवडण्याजोगे होते त्यात कुटुंब बसत नव्हते, आणि ज्यात कुटुंब बसत होते ते परवडत नव्हते. ‘कौटुंबिक विमाना’च्या कल्पनेतील ही मूलभूत विसंगती समकालीन प्रचारात क्वचितच मांडली गेली.

चार आसनांचा हिशेब

या विसंगतीतून मार्ग काढला तो सेस्ना कंपनीच्या ‘१७२’ या विमानाने. १९५५ मध्ये प्रथम उडालेले आणि १९५६ पासून विकले गेलेले हे चार आसनी विमान जगात सर्वाधिक संख्येने बनलेले विमान ठरले. त्याची संख्या ४४,००० च्या पुढे गेली. नाकाखालच्या चाकामुळे ते उतरविणे सोपे होते, आणि कंपनीच्या जाहिरातींत विमान चालविण्याची तुलना सरळ मोटार चालविण्याशी केली जाई. १९६१ मध्ये पायपर कंपनीचे ‘चेरोकी’ आले. यांतील बरीच विमाने व्यवसायासाठी म्हणून घेतली जात किंवा क्लबात अनेकांच्या भागीदारीत असत; शनिवार-रविवारी तीच कुटुंबाच्या उपयोगी पडत. ओक्लाहोमात १९४४ साली स्थापन झालेल्या ‘फ्लाइंग फार्मर्स’ या शेतकऱ्यांच्या संघटनेतही काम आणि सहल यांचा असाच संयोग दिसतो.

तथापि चार आसने म्हणजे चार माणसांची निश्चिती नव्हे. विमानाच्या एकूण वजनाला कमाल मर्यादा असते. विमानाच्या पेट्रोलचे वजन गॅलनमागे सुमारे ६ पौंड भरते. आरंभीच्या १७२ मध्ये टाक्या पूर्ण भरून चार प्रौढ बसले, की सामानाला जवळपास वजनच उरत नसे. उन्हाळ्याच्या दुपारी किंवा उंचावरील धावपट्टीवर हवा विरळ होते, इंजिनाची ताकद आणि पंखांची उचल दोन्ही घटतात आणि तीच धावपट्टी तोकडी पडते. त्यामुळे निघण्यापूर्वी वैमानिकाला प्रत्येकाचे वजन विचारून कागदावर मांडणी करावी लागे. आजीला घ्यायचे की इंधन, बॅगा घ्यायच्या की वाटेत एकदा अधिक उतरायचे, असे निर्णय हा प्रत्येक सहलीचा भाग होता. मोटारीच्या सहलीत असा हिशेब कोणी करीत नाही.

सहलीचे स्वरूप

हे सारे सांभाळून ज्यांनी सहली केल्या त्यांना मिळालेला आनंद खरा होता, याची नोंद घेतली पाहिजे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून सुमारे ३५ किलोमीटरवरील कॅटॅलिना बेटावर दोन टेकड्यांचे माथे कापून व मधली दरी भरून धावपट्टी तयार करण्यात आली आणि १९४६ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० फुटांवरील त्या पट्टीवर उतरून जेवून परतणे हा लॉस एंजलिस परिसरातील वैमानिक कुटुंबांचा आवडता कार्यक्रम होऊन बसला. मिशिगनमधील मॅकिनॅक बेटावर मोटारींना बंदी आहे, पण धावपट्टी आहे. नॉर्थ कॅरोलिनात राइट बंधूंच्या स्मारकाला लागूनच १९६३ मध्ये छोटी धावपट्टी सुरू झाली. मुलांना घेऊन त्या जागी विमानानेच उतरण्यातील औचित्य वेगळे सांगायला नको.

लहान धावपट्ट्यांवर रविवारी सकाळी सामुदायिक न्याहारीचे बेत होत. आसपासची विमाने तेथे जमत आणि मुले गवतावर खेळत. अशा सहलीला वैमानिकांनी थट्टेने ‘शंभर डॉलरचे हॅम्बर्गर’ असे नाव दिले. दोन डॉलरच्या खाण्यासाठी इंधन व भाडे मिळून शंभर डॉलर खर्च करायचे, हा त्यातला विनोद. खाजगी परवानाधारकाला प्रवाशांकडून भाडे घेता येत नाही. फार तर खर्च समान वाटून घेता येतो, असा कायदा आहे. या सहलींना व्यवसायाचे रूप न येता त्या आप्तमित्रांपुरत्या राहिल्या, यामागे हे कायदेशीर बंधनही आहे.

या सार्वजनिक व्यवस्थेत स्त्रियांचा वाटा मोठा होता. १९३० च्या दशकात गावांची नावे घरांच्या व कोठारांच्या छपरांवर मोठ्या अक्षरांत रंगविण्याची सरकारी योजना सुरू झाली. फीबी ऑमली, ब्लांश नॉइस यांसारख्या वैमानिक स्त्रियांनी ती चालविली. वाट चुकलेल्या वैमानिकाला आकाशातून गावाचे नाव वाचता यावे, हा तिचा हेतू. युद्धकाळात किनाऱ्यालगतची नावे पुसण्यात आली. युद्धानंतर ती पुन्हा रंगविण्यासाठी नॉइस यांनी खटपट केली.

हवामान, सोमवार आणि १७८ सेकंद

सहकुटुंब हवाई सहलीची सर्वांत मोठी मर्यादा हवामान ही होती. सामान्य खाजगी परवाना डोळ्यांनी क्षितिज पाहून विमान चालविण्यापुरता असतो. ढगात किंवा दाट धुक्यात शिरल्यावर क्षितिज दिसेनासे होते आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय चुकीची संवेदना देऊ लागते. विमान कलत असते, पण माणसाला ते सरळ चालल्यासारखे वाटते. यावर मात करण्यासाठी केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचे स्वतंत्र प्रशिक्षण लागते.

या धोक्याचे मोजमाप १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात झाले. उपकरणांवर उडण्याचे प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना शिक्षकाच्या उपस्थितीत, बाहेरचे काहीही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालविण्यास दिले. त्यांपैकी १९ जणांचे विमान घसरत्या वर्तुळाकार मार्गाने खाली जाऊ लागले आणि एकाचे वेग गमावून बसले. कोणी २० सेकंद टिकला, कोणी ४८० सेकंद. सरासरी होती १७८ सेकंदांची. म्हणजे पूर्ण तीन मिनिटेही नाहीत. या प्रयोगाचा उद्देश भीती घालण्याचा नव्हता. त्याच व्यक्तींना थोडक्या सरावात ढगातून मागे वळून बाहेर पडण्याची पद्धत शिकविता येते, हेही प्रयोगाने दाखवून दिले. पण ‘मोटारीइतके सोपे’ या घोषणेला मिळालेले हे शास्त्रीय उत्तर होते. एरकूपने गिरकीचा धोका जवळपास संपविला. ढगाचा धोका कोणत्याही छोट्या विमानाच्या रचनेने संपण्यासारखा नव्हता.

येथे ‘वीकएंड’ या संकल्पनेचेच परीक्षण करावे लागते. औद्योगिक समाजातील सुटी दिनदर्शिकेने ठरते. शुक्रवारी संध्याकाळी ती सुरू होते आणि सोमवारी सकाळी कामावर हजर व्हावे लागते. हवामान मात्र दिनदर्शिका पाळत नाही. रविवारी दुपारी ढग खाली आले, तर एक दिवस मुक्काम करणे हा सुज्ञ निर्णय असतो. पण मुलांची शाळा, मालकाचे काम आणि हॉटेलचा खर्च घराकडे ओढतात. वैमानिकांच्या बोलीत या ओढीला एखाद्या रोगाचे असावे तसे नाव मिळाले आहे. उड्डाणाच्या सुरक्षेची चर्चा करणाऱ्या साहित्यात या मानसिक दडपणाचा उल्लेख वारंवार येतो. मोटारीच्या सहलीत उशीर होतो तो वाहतुकीमुळे. विमानाच्या सहलीत तो मुद्दाम पत्करावा लागतो.

१६ जुलै १९९९ ची घटना या दृष्टीने अभ्यसनीय आहे. शुक्रवारच्या संध्याकाळी जॉन एफ. केनेडी (कनिष्ठ) हे पत्नी व मेहुणीसह स्वतःच्या पायपर साराटोगा विमानाने निघाले. चुलत बहिणीच्या विवाहासाठी ते चालले होते. रात्र, समुद्रावरील धूसर हवा आणि क्षितिजाचा अभाव अशा स्थितीत विमान समुद्रात कोसळून तिघेही मृत्युमुखी पडले. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००० मध्ये दिलेल्या निष्कर्षानुसार वैमानिकाला दिशाभ्रम होऊन विमानावरील ताबा सुटला. यंत्रात बिघाड आढळला नाही. विमान उत्तम होते, साधनांची कमतरता नव्हती, आणि प्रवास अगदी घरगुती होता. इलिनॉयच्या प्रयोगाने पंचेचाळीस वर्षांपूर्वी जे सांगितले होते तेच येथे पुन्हा घडले.

शेजारच्या आसनावरील व्यक्ती

इतिहासकार अ‍ॅलन मेयर यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वीकएंड पायलट्स’ या ग्रंथात युद्धोत्तर खाजगी विमानचालनाचा पुरुषी संस्कृतीच्या अंगाने अभ्यास केला आहे. लष्करी परंपरेतून आलेले धाडसाचे मूल्य विमानक्लबांत टिकून राहिले, आणि स्त्रियांना तेथे सहज स्थान मिळाले नाही. परवानाधारकांत स्त्रियांचे प्रमाण दीर्घकाळ दहा टक्क्यांच्या खालीच राहिले. कौटुंबिक सहलीत त्यामुळे बहुधा एकच व्यक्ती विमान चालवू शकणारी असे. तिला आकाशात काही झाले तर उरलेल्यांचे काय, हा प्रश्न मोटारीच्या सहलीत इतक्या तीव्रतेने उद्भवत नाही.

विमानमालक व वैमानिकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९६० च्या दशकात ‘पिंच हिटर’ नावाचा लहान अभ्यासक्रम सुरू केला. बेसबॉलमध्ये ऐनवेळी बदली फलंदाजी करणाऱ्यास हे नाव आहे. वैमानिकाची पत्नी किंवा सोबतीस विमान सरळ ठेवणे, रेडिओवर मदत मागणे आणि सुखरूप उतरविणे एवढे शिकविले जाई. याचे दोन अर्थ लावता येतात. एका अर्थाने स्त्रीला बदलीपुरतेच स्थान देणारी ही व्यवस्था होती. दुसऱ्या अर्थाने, सोबत बसणाऱ्या व्यक्तीचा जीव तिच्या स्वतःच्या हाती थोडासा तरी असावा, याची ही पहिली संघटित कबुली होती.

ही चौकट मोडणारेही उदाहरण आहे. ओहायोतील कोलंबस येथील, तीन मुलांची आई असलेल्या जेरी मॉक यांनी पतीच्या सोबतीने छोट्या विमानांतून सहली केल्या होत्या. १९६४ च्या मार्च-एप्रिलमध्ये अकरा वर्षे जुन्या सेस्ना १८० विमानातून २९ दिवसांत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. या प्रवासात त्या दिल्ली व कोलकाता येथेही उतरल्या होत्या. ज्या कौटुंबिक परिघाने बहुतेक स्त्रियांना प्रवाशाच्या आसनावर ठेवले, त्याच परिघातून ही वैमानिक घडली.

ओहोटी

१९५६ च्या महामार्ग कायद्याने वेगवान रस्ते दिले, १९५८ पासून जेट विमानसेवा आली आणि १९७८ नंतर तिचे नियंत्रण उठून तिकिटे स्वस्त झाली. दूरच्या सहलीसाठी स्वतःच्या विमानाची गरज उरली नाही. १९७८ मध्ये छोट्या विमानांचे उत्पादन सतरा हजारांच्या वर होते. त्यानंतर ते कोसळले. अपघातांनंतरचे नुकसानभरपाईचे दावे आणि विम्याचा खर्च यांमुळे सेस्नाने १९८६ मध्ये एक इंजिनी पिस्टन विमाने बनविणे थांबविले. १९९४ च्या कायद्याने १८ वर्षांहून जुन्या विमानांबाबत उत्पादकाचे दायित्व मर्यादित केल्यावर १९९६ मध्ये ते पुन्हा सुरू झाले, परंतु तोवर किमती मध्यमवर्गाच्या पलीकडे गेल्या होत्या. १९८० मध्ये अमेरिकेत खाजगी परवानाधारकांची संख्या साडेतीन लाखांच्या वर होती. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती निम्म्याहून कमी झाली. शिकागोच्या तलावाकाठची, १९४८ पासूनची मेग्झ फील्ड ही धावपट्टी मार्च २००३ मध्ये महापौरांच्या आदेशाने रातोरात खोदून टाकण्यात आली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एक, सहकुटुंब हवाई सहल ही केवळ वैयक्तिक समृद्धीतून निर्माण झाली नाही. प्रशिक्षण योजना, सैनिकांचे शिक्षण, धावपट्ट्या आणि छपरांवरील नावे अशा सार्वजनिक गुंतवणुकीवर ती उभी होती. दोन, तिच्या मर्यादेचे मूळ किमतीइतकेच आठवड्याच्या बांधीव वेळापत्रकात आणि हवामानाच्या स्वातंत्र्यात होते. तीन, यंत्र सोपे झाल्याने निर्णयाची जबाबदारी हलकी होते, हा समज या इतिहासाने खोटा ठरविला.

कायद्याने ही गोष्ट प्रचारापेक्षा लवकर ओळखली होती. प्रवासी न्यायचे असतील तर वैमानिकाने मागील ९० दिवसांत किमान तीन उड्डाणे व तीन अवतरणे केलेली असावीत, असा अमेरिकी नियम आहे. एकट्याने उडणाऱ्यास ही अट नाही. अल्प प्रशिक्षणाच्या ‘स्पोर्ट पायलट’ परवान्याचे नियम २००४ मध्ये आले. २०२५ मध्ये ते विस्तारून चार आसनी विमान चालविण्याची मुभा मिळाली, पण सोबत एकच प्रवासी नेण्याची मर्यादा कायम राहिली. दहा वर्षांच्या मुलाकडून विमान उडवून दाखविणाऱ्या १९३६ च्या वार्तापटापासून मागची दोन आसने रिकामी ठेवण्यास सांगणाऱ्या या नियमापर्यंतचा प्रवास, हाच कौटुंबिक विमानाच्या कल्पनेचा खरा इतिहास होय.